मारहाणीच्या खटल्यात आरोपीचे जुने गुन्हे पुरावा म्हणून का चालत नाहीत?

चालत नाहीत आणि चालू नयेतच. माझ्या सख्ख्या भावाचा हात मोडलेला असूनही मी हेच म्हणतो.

बांधावरून वाद झाला आणि शेजारच्या शेतकऱ्याने दादाच्या उजव्या हातावर गज घातला. भारतीय दंड संहितेचं कलम ३२५, म्हणजे गंभीर दुखापतीचं, लागलं. त्याच माणसाला आधी एका मारहाणीत शिक्षा झालेली; त्या निकालाची नक्कल दादाने खटपट करून मिळवली होती. दर तारखेला तो सरकारी वकिलांच्या मागे लागायचा, 'साहेब, एवढी लावा ना.' ते म्हणायचे, पुरावा कायद्याचं कलम ५४ आडवं येतं. आरोपीने आपलं चारित्र्य चांगलं असल्याचा पुरावा दिला तरच वाईट चारित्र्य, म्हणजे जुनी शिक्षाही, काढता येतं. त्याच्या वकिलाने तो विषयच काढला नाही.

दादा चिडला. नक्कल कपाटात टाकली आणि कोर्टात यायचं सोडलं. निकालाला मी एकटा होतो. साक्षीदार आणि डॉक्टर पक्के राहिले, आरोपी दोषी ठरला, जुन्या गुन्ह्याची गरजच पडली नाही. मग शिक्षेवर बोलणं झालं. त्याचा वकील म्हणाला, पदरात लहान मुलं आहेत, एक संधी द्या. जुन्या शिक्षेबद्दल आमच्या बाजूने कोणी चकार शब्द काढला नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडतात त्याखाली, बंधपत्र लिहून देऊन तो त्याच दिवशी घरी गेला. ही सवलत देताना कोर्टाला आरोपीचं चारित्र्य बघायचं असतं. नक्कल तिथे लागत होती, आणि ती कपाटात होती.

दादा अजून म्हणतो, कायदा गुंडांना पाठीशी घालतो. साफ चूक. 'तेव्हा मारलं म्हणजे आताही यानेच मारलं' हे एकदा चालू झालं की नाव खराब झालेल्या कुणालाही उचलायचं, तपास करायलाच नको.

१ जुलै २०२४ पासून कलम ५४ च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ४९ आहे, नियम तोच. मी वकील नाही, पण एक अपवाद सांगायलाच हवा: हेतू सिद्ध करायला जुनी घटना चालते. कायद्यातच उदाहरण आहे. खुनाच्या खटल्यात आरोपीने त्याच माणसावर आधी गोळी झाडली होती हे दाखवता येतं. तो लोकांवर गोळ्या झाडतच असतो, हे नाही. तेव्हा तुमच्या खटल्यातल्या आरोपीने आधी तुमच्यावरच हात उचलला असेल तर ते सरकारी वकिलांना आताच सांगा. दुसऱ्या कुणाला मारलं असेल तर सही-शिक्क्याची नक्कल घेऊन शिक्षेच्या दिवशी स्वतः हजर राहा.