मोफत शिकवा, पण 'बी.ए. समकक्ष' लिहू नका

प्रश्न : महाराष्ट्रातल्या आमच्या नोंदणीकृत न्यासात निवृत्त प्राध्यापक विनामोबदला पदवीचे विषय शिकवतात. संस्थेचं नाव 'लोकविद्यापीठ'. तीन वर्षं पूर्ण करणाऱ्यांना आम्ही 'बी.ए. समकक्ष' प्रमाणपत्र देतो. एका विद्यार्थिनीचं प्रमाणपत्र नोकरीच्या वेळी नाकारलं गेलं. आम्ही फी घेत नाही, तरी हा गुन्हा ठरतो का? मान्यता कशी मिळवावी?

उत्तर : फी न घेणं हा इथे बचाव होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनाच आहे. केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांखेरीज इतरांनी नावात 'विद्यापीठ' लावायला कलम २३ मनाई करतं. कलम २४ चा दंड एक हजार रुपयांपर्यंतच आहे, पण जाणूनबुजून संमती देणाऱ्या प्रत्येक सदस्यावर तो बसू शकतो. त्याहून गंभीर म्हणजे, 'समकक्ष'वर विसंबून नुकसान झालेली व्यक्ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार करू शकते. अनधिकृत संस्था आणि अभ्यासक्रमांना मनाई करणारा महाराष्ट्राचा २०१३ चा स्वतंत्र कायदाही आहे. त्यामुळे 'पदवी नको, पदविका म्हणू' ही वाट सुरक्षित समजू नका.

आधी ठराव करून नाव बदला आणि बदलाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे करा. दिलेली प्रमाणपत्रं लेखी पत्राने मागे घ्या. जुनी नोंदवही मात्र नष्ट करू नका, तुमचा प्रामाणिकपणा दाखवणारा तोच पुरावा आहे.

विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय काढायचं तर बृहत् आराखड्यात (नवी महाविद्यालयं कुठे हवीत याच्या विद्यापीठाच्या योजनेत) जागा, इरादापत्र (शासनाची प्राथमिक संमती), इमारत आणि पात्रताधारक अध्यापक हे सगळं लागतं. तुमच्या ताकदीच्या संस्थेला मी ते सुचवणार नाही. पदवीची विश्वासार्हता परीक्षा कोण घेतं यावर ठरते आणि शिकवायला कायद्याची आडकाठी नाही. म्हणून विद्यार्थ्यांना इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) किंवा यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात स्वतःच्या नावाने प्रवेश घ्यायला लावा आणि तुम्ही त्याच अभ्यासक्रमाचं मार्गदर्शन करा. बारावी नसेल तर आधी एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची) बारावीची परीक्षा द्यावी. प्रवेशापूर्वी तो अभ्यासक्रम त्या सत्रासाठी आयोगाच्या दूरशिक्षण यादीत आहे का ते पाहा, आणि एबीसी (श्रेयांक साठवणारी 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स') व डीईबी (आयोगाचा दूरशिक्षण विभाग) यांचे आयडी काढून ठेवा. विद्यापीठाची फी विद्यार्थ्याने थेट भरावी, न्यासाच्या खात्यातून फिरवू नये. 'आमच्यामार्फत पदवी' अशी जाहिरातही नको, कारण आयोगाच्या दूरशिक्षणाच्या २०२० च्या नियमांत फ्रँचायझीला, म्हणजे विद्यापीठाच्या वतीने दुसऱ्या संस्थेने अभ्यासक्रम चालवण्याला, बंदी आहे.

स्वतःचं प्रमाणपत्र द्यायचंच असेल तर त्यावर विषय, तास, मूल्यमापनाची पद्धत आणि 'ही पदवी किंवा पदविका नाही' एवढं स्पष्ट लिहा. उत्तरपत्रिका बाहेरच्या परीक्षकाकडून तपासून घ्या आणि जपून ठेवा. तरीही तो मजकूर छापण्यापूर्वी २०१३ च्या कायद्याच्या अंगाने वकिलाकडून तपासून घ्या.

त्या विद्यार्थिनीला तुमच्याकडच्या तीन वर्षांचे श्रेयांक मिळणार नाहीत, तिला मुक्त विद्यापीठात पहिल्या वर्षापासूनच प्रवेश घ्यावा लागेल. हे तिला लेखी कळवा आणि तिची प्रवेश फी न्यासाने भरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी रक्कम तिच्या खात्यात मदत म्हणून द्या आणि तसा ठराव करा.