वाचकांचे प्रश्न : यूसी-5 आणि तिचे बारा सुरुंग

प्र. पहिल्या महायुद्धातल्या यूसी-5 या जर्मन पाणबुडीवर टॉर्पेडोच नव्हते म्हणतात. मग तिच्या नावावर तीसेक जहाजे कशी? (एक वाचक, सातारा)

उ. टॉर्पेडो नव्हते आणि तोफही नव्हती. एक मशीनगन तेवढी होती. यूसी-1 ते यूसी-15 या पंधरा बोटी फक्त सुरुंग पेरण्यासाठी बांधल्या होत्या. लांबी 34 मीटर, वजन 168 टन, माणसे 14. पाण्यावर वेग सहा नॉटच्या (ताशी सहा सागरी मैलांच्या) आसपास, पाण्याखाली पाचच्या. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचा प्रवाहच तीन-चार नॉटने धावतो. तो समोरून आला की इंजिन चालू आणि बोट जवळजवळ जागेवरच.

पण तळ जवळ होता. बेल्जियममधल्या ब्रुजेसहून कालव्याने झेब्रुगला यायचे आणि तिथून समुद्रात. डोव्हर तिथून साठ-सत्तर सागरी मैलांवर. यूसी-5 जून 1915 मध्ये आरमारात दाखल झाली. पहिला कप्तान हर्बर्ट पुस्टकुखेन. 21 ऑगस्टला तिने फ्रान्सच्या बुलोन बंदरापाशी बारा सुरुंग टाकले आणि त्याच दिवशी ‘विल्यम डॉसन’ हे छोटे जहाज त्यांतल्या एकावर गेले. फेरी छोटी असल्याने बारा सुरुंग टाकून परतायचे, भरून पुन्हा निघायचे. अशा 29 मोहिमा झाल्या.

प्र. पाण्याखालून सुरुंग सोडताना तो बोटीलाच का धडकत नाही? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उ. धडकत असे, तेही पुढे येईलच. आधी रचना पाहू. बोटीच्या पुढच्या भागात एक मीटर व्यासाच्या सहा नळ्या, प्रत्येकीत एकावर एक दोन सुरुंग. नळ्या सरळ उभ्या नव्हत्या. वरचे तोंड पुढे आणि खालचे मागे, अशा तिरक्या. बोट पुढे सरकत असताना अडकण सोडली की सुरुंग आपल्या वजनाने खालून मागच्या बाजूला पडतो. प्रत्येक सुरुंगाबरोबर बोट हलकी होते, म्हणून लगेच टाकीत पाणी घ्यावे लागते. त्यात हयगय झाली तर बोट वर उचलली जाते, आणि तीही शत्रूच्या दारात.

सुरुंग तळाला जातो तो आपल्या लोखंडी बैठकीसकट. दोघांना धरून ठेवणारी एक विरघळणारी गुटी असते. ती विरघळेपर्यंत बोटीने दूर जायचे. मग सुरुंग सुटतो, तार उलगडत वर चढतो आणि पाण्याच्या दाबावर चालणारी कळ त्याला ठरलेल्या खोलीवर अडवते. वरच्या शिशाच्या शिंगाला जहाज घासले की आतली काचेची कुपी फुटते, द्रव जस्त-कार्बनच्या पट्ट्यांवर पडतो, वीज तयार होते आणि स्फोट होतो.

आता खोट कुठे होती ते. या नळ्यांत समुद्राचे पाणी भरलेले असे, आतून सुरुंगाला हात लावायची सोय नव्हती. खोली बंदरातच लावून निघावे लागे. डोव्हरला उधाणाच्या भरतीत पाणी सहा मीटरच्या आसपास चढते. ओहोटीला तीन मीटर खाली असलेला सुरुंग भरतीला नऊ मीटरवर, म्हणजे उथळ बुडाची जहाजे वरून खुशाल निघून जातात. उथळ लावावा तर ओहोटीला तो दिसतो. शिवाय गुटी लवकर विरघळली किंवा सुरुंग नळीत अडकला तर तो बोटीलाच भोवतो. यूसी-12 मार्च 1916 मध्ये इटलीतल्या तारांतोपाशी स्वतःच्याच सुरुंगाने बुडाली. इटालियनांनी ती वर काढली तेव्हा बोट जर्मन निघाली, आणि जर्मनी-इटली युद्ध तर अजून सुरूच व्हायचे होते!

प्र. ‘मलोजा’ ही मुंबईला येणारी आगबोट यूसी-5 नेच बुडवली का? आमच्या भागातले खलाशी तिच्यावर असतील काय? (एक वाचक, रत्नागिरी)

उ. नाही, तो सुरुंग यूसी-6 चा. बोट त्याच जातीची, तळही तोच. पी. अँड ओ. कंपनीची मलोजा टिलबरीहून मुंबईला निघाली होती. 27 फेब्रुवारी 1916 रोजी डोव्हरजवळ तिच्या मागच्या भागाशी स्फोट झाला. जहाज थांबावे म्हणून कप्तानाने इंजिने उलटी फिरवायला सांगितली. तेवढ्यात इंजिनघरात पाणी भरले आणि ती बंद करता येईनात. मलोजा उलटी धावत राहिली, त्यामुळे बचावनौका नीट उतरवता आल्या नाहीत. 24 मिनिटांत जहाज गेले, 155 माणसे गेली. त्यांत हिंदी खलाशी पुष्कळ होते. कोण कुठल्या गावचे हे नावनिशीवार यादीवरूनच ठरेल, पण ही कंपनी मुंबईत भरती करी आणि तिच्या डेकवर कोकणातले खलाशी व खानपानाच्या कामावर गोव्याचे लोक असत.

मदतीला धावलेले ‘एम्प्रेस ऑफ फोर्ट विल्यम’ हे कोळशाचे जहाजही तिथेच सुरुंगावर गेले. 17 नोव्हेंबर 1915 ला यूसी-5 च्या सुरुंगाने ‘अँग्लिया’ हे जखमी सैनिकांचे इस्पितळ-जहाज फोकस्टनजवळ बुडाले, तेव्हाही असेच झाले होते. सुरुंग जवळजवळ पेरलेले असतात. पहिले जहाज जिथे बुडते तिथेच दुसऱ्याला धोका सर्वांत जास्त.

प्र. यूसी-5 चा शेवट कसा झाला? (तेच वाचक)

उ. 27 एप्रिल 1916 ला इंग्लंडच्या हारिच बंदरासमोरच्या शिपवॉश वाळूपट्टीवर रुतली. तेव्हा कप्तान मोरबुटर होता. खलाशांनी आत स्फोटके उडवली, तरी बोट पुरती मोडली नाही. ब्रिटिश विनाशिका ‘फायरड्रेक’ने सर्वांना कैद केले. पुढे बोट लंडनमध्ये थेम्सवर लोकांना दाखवली, मग न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युद्धकर्जाचे रोखे खपवायला.

प्र. 1917 मध्ये मुंबईजवळ जर्मन सुरुंग सापडले, तेही पाणबुडीनेच टाकले का? (एक वाचक, अलिबाग)

उ. नाही. यूसी-5 चा पल्ला 780 सागरी मैल; ती इकडे पोहोचणे अशक्य. ते सुरुंग ‘वुल्फ’ या मालवाहू दिसणाऱ्या जर्मन युद्धजहाजाने फेब्रुवारी 1917 मध्ये टाकले होते. पी. अँड ओ.चेच ‘मंगोलिया’ त्यांतल्या एकावर 23 जूनला, मुंबईपासून सुमारे 50 मैलांवर बुडाले. तोवर वुल्फ केव्हाच पुढे निघून गेले होते.