ऐतिहासिक घराच्या संग्रहालयात जिओकॅशिंगचा डबा कुठे लपवावा?

तुम्ही विचारलंय की, संग्रहालय झालेल्या एका जुन्या घराच्या आवारभिंतीत सैल दगडामागे छान फट सापडली आहे, तिथे कॅश लपवली तर चालेल का? (जिओकॅशिंग म्हणजे डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी जीपीएसने तो शोधायचा, असा खेळ. त्या लपवलेल्या डब्याला कॅश म्हणतात.) कॅश जरूर करा, पण ती फट सोडून द्या.

मोकळ्या आभाळाखाली फोनचा जीपीएस साधारण 3 ते 5 मीटरपर्यंत बरोबर असतो. उंच भिंतीजवळ उपग्रहांचे सिग्नल भिंतीवर आपटून येतात आणि चूक वाढते. तुम्हाला एकच फट माहीत असते, शोधणाऱ्यासमोर मात्र दहा-पंधरा मीटर भिंत असते आणि तो प्रत्येक दगड हलवून बघतो. मीही बघितलाय. सुरुवातीच्या दिवसांत अशाच एका भिंतीशी मी अर्धा तास घालवला. सांध्यांत बोटं घालून चाचपत होतो, कॅश मिळाली तेव्हा तळहातावर जुन्या चुन्याची पांढरी पूड होती. डब्यातल्या लॉगबुकात, म्हणजे शोधणारे नाव लिहितात त्या वहीत, माझ्या आधी चाळीसेक नावं होती. तेवढ्या हातांनी तेच सांधे उकरले असणार. तेव्हापासून जुन्या बांधकामातली कॅश मी शोधायलाच जात नाही.

खेळाचे नियमही याच बाजूने आहेत. जागेच्या मालकाची परवानगी लागते, वास्तूची किंवा झाडांची मोडतोड चालत नाही, कॅशसाठी जमीन खणता येत नाही. 3 मे 2000 रोजी डेव्ह उल्मर यांनी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये ठेवलेली या खेळातली पहिली कॅश, एक बादली, अर्धवट पुरलेली होती, आज तशी कॅश मंजूर होणार नाही. आदल्याच दिवशी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक अमेरिकी सरकारने काढून टाकली होती, म्हणून तर हा खेळ जमला.

मग करायचं काय? मल्टी-कॅश करा, म्हणजे एकेका टप्प्यावर धागे गोळा करत शेवटी डब्यापर्यंत पोहोचायची कॅश. घराला कोडं बनवा आणि डबा दूर, बागेच्या कडेला किंवा आवाराबाहेर ठेवा. लोक घराकडे बघतील, मोजतील, वाचतील, पण भिंतीला हात लावायची गरज पडणार नाही. दारावर कोरलेलं साल, दर्शनी खिडकीची तावदानं, सूर्यघड्याळावरचे आकडे, पायऱ्यांची संख्या यांतून शेवटच्या जागेचे अक्षांश-रेखांश काढायचे. माहितीफलकावरचे आकडे वापरू नका, फलक बदलतात. कोरलेलं साल राहतं.

इथे एक बारकावा आहे. अक्षांशात मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थानी एकाचा फरक म्हणजे जेमतेम 1.8 मीटर. पहिल्या दशांश स्थानी तोच फरक 185 मीटरचा होतो. त्यामुळे मोजताना चुकू शकेल अशी गोष्ट, उदाहरणार्थ पायऱ्या (सगळ्यात खालची धरायची की नाही यावर नेहमी वाद होतो), शेवटच्या स्थानी ठेवा आणि कोरलेल्या सालातला आकडा आधीच्या स्थानी. मोजणी एकाने चुकली तरी माणूस डब्याजवळच पोहोचतो.

अशा नुसत्या बघायच्या टप्प्यांना अंतराचा नियम लागू होत नाही. खरा डबा मात्र इतर कॅशच्या डब्यांपासून किमान 161 मीटर लांब हवा.

परवानगीसाठी संग्रहालयाच्या व्यवस्थापकांना प्रत्यक्ष भेटा आणि होकार लेखी घ्या. सोबत डबा न्या, झाकण उघडून आतली वही-पेन्सिल दाखवा. खेळ माहीत नसलेल्या माणसाला झुडपात वाकलेली अनोळखी व्यक्ती संशयास्पद वाटते. म्हणून डबा पारदर्शक, पाणी न शिरणारा घ्या आणि बाहेरून स्पष्ट लिहा की हा जिओकॅशिंगचा डबा आहे. पहारेकऱ्यांना आणि माळ्यालाही जागा सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच साफसफाईत तो कचऱ्यात जाईल. कोड्याची उत्तरं घराच्या बाहेरूनच मिळतील असं बघा, म्हणजे तिकीट काढून आत जायची सक्ती होणार नाही. तरी उघडण्याच्या वेळा खेळाच्या संकेतस्थळावरच्या कॅशच्या पानावर लिहाच, कारण रात्री बॅटरी घेऊन शोधायला येणारेही असतात.

त्यांनी डबा नको म्हटलं, तर हट्ट धरू नका. आवाराबाहेरची एखादी सार्वजनिक जागा शोधा, तिथली परवानगी काढा आणि घर बाहेरून बघायचा टप्पा तेवढा ठेवू द्याल का, असं विचारा. माझ्या एका कॅशला असाच होकार मिळाला. तिथल्या बाईंनी स्वतःहून मला मागच्या दाराच्या चौकटीवर सुताराने कोरलेली खूण दाखवली. दोन वर्षं त्या घरी जात होतो, पण ती मला कधी दिसली नव्हती. आता तोच त्या कॅशचा दुसरा टप्पा आहे.