फ्लॅट दादरला, वारसा मात्र गोव्याचा

फोंड्याहून एका भगिनीने लिहिलंय: वडील 2014 मध्ये वारले, दादरचा फ्लॅट मृत्युपत्राने एकट्या भावाला दिला. भाऊ म्हणतो, "आपल्याकडे पोर्तुगीज कोड, म्हणजे पोर्तुगीज काळातली नागरी कायद्याची संहिता आहे. कोड असतो तिथे कोर्टाचे निवाडे कुणाला बांधत नाहीत, 2019 चा निकाल मला दाखवू नकोस." अशी पत्रं मला वरचेवर येतात.

भावाचं बोलणं पोर्तुगालपुरतं बरंचसं खरं. (तिथेही सर्वोच्च न्यायालयाचे 'असेंतो', म्हणजे कायद्याचा एकच अर्थ ठरवून देणारे निवाडे, अनेक वर्षं सगळ्यांवर बंधनकारक होते. 1993 मध्ये तिथल्याच घटना न्यायालयाने ते बंधन घटनाबाह्य ठरवलं.) पण गोव्यातला 1867 चा कोड पोर्तुगीज गेल्यावरही टिकला तो आपल्या संसदेच्या 1962 च्या कायद्यामुळे. तो भारतीय कायदा झाला, तेव्हा घटनेचं कलम 141 त्यालाही लागू: सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक. 13 सप्टेंबर 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मुंबईतल्याच मालमत्तेबद्दल होता. गोव्याच्या अधिवाशाची (गोवा हेच ज्याचं कायमचं घर, त्याची) मालमत्ता भारतात कुठेही असो, वारसा याच कोडाने. (डिसेंबर 2016 पासून वारशाला गोव्याचा स्वतःचा कायदा आहे, पण वडील 2014 मध्ये वारले, म्हणून त्यांना कोडच.) म्हणजे वडिलांच्या वाट्यातला निम्मा भाग मुलांसाठी राखीव, मृत्युपत्राने तो काढून घेता येत नाही. विवाह करारात वेगळं ठरलं नसेल तर आईचा अर्धा हिस्सा त्याआधीच बाजूला निघतो.

सगळं अडतं ते 'अधिवासी' या एका शब्दावर. वडील पस्तीस वर्षं दादरला राहिले, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. अहो, भावाचा वकील हेच वाक्य उचलणार! नोकरीपुरते गेले होते की कायमचे? गावच्या घराची घरपट्टी, मतदारयादीतलं नाव, परतण्याबद्दलची पत्रं, जे मिळेल ते आजच गोळा करा. भावाने प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर) घेतलं असेल तर त्याची प्रत हवी. प्रोबेटने मृत्युपत्र खरं ठरतं, मालकी ठरत नाही. मुदतीबद्दल कागद पाहिल्याशिवाय मी बोलणार नाही.

निकालाचं कात्रण तुम्ही 2019 पासून जपून ठेवलंत आणि कोर्टाची पायरी मात्र चढला नाहीत, याचा मला खरंच राग येतो. आता भावाने गिऱ्हाईक आणलंय. इन्व्हेंटरी, म्हणजे गोव्याच्या कोर्टात वारशाची मोजदाद आणि वाटणी करून घेण्याचा दावा, वर्षानुवर्षं रेंगाळते, तोवर फ्लॅट विकला जाईल. मुंबईतल्या मालमत्तेबद्दल दावा चालू असल्याची नोटीस नोंदवलेली नसेल, तर खरेदीदार त्या दाव्याने बांधला जात नाही. इन्व्हेंटरी दाखल झाली की त्याच आठवड्यात मुंबईच्या दुय्यम निबंधकाकडे ही नोटीस नोंदवा, आणि तिची प्रत सोसायटीलाही द्या.