गळा सैल पडतो, शिवण फिरते : शिवणकामाचे तुमचे प्रश्न

प्रश्न : काकू, व्हिडिओ पाहून मी ब्लाउज शिवायला शिकतेय. लक्ष्मी रोडवरून टू बाय टूचं कापड आणलं होतं. शिवला तेव्हा छान बसला, पण पहिल्याच धुण्यात बाजूची शिवण फिरून पोटाकडे आली. मागचा गळाही सैल पडून खांद्यावरून उतरतो. मापं तर तीनदा घेतली होती. चुकलं कुठे?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुझी मापं बरोबरच असणार. चूक झालीय ती कापडाच्या धाग्यात, टेप हातात घेण्याच्याही आधी.

काठाला समांतर जातो तो उभा धागा, पन्ह्यातून म्हणजे कापडाच्या रुंदीत जातो तो आडवा. कापड दोन्ही चिमटीत धरून ताणून बघ. उभ्या धाग्यात ते जवळपास हलतच नाही, आडव्यात किंचित येतं आणि कोपऱ्याकडे तिरकं ओढलंस तर रबरासारखं वाढतं. या तिरक्या दिशेला आम्ही क्रॉस म्हणतो, जुनी माणसं उरेब म्हणायची. साध्या ब्लाउजचा पुढचा आणि मागचा भाग उभ्या धाग्यावर बसला पाहिजे. कापताना तो तिरका गेला, की धुतल्यावर धागा आपल्या जागी जायला बघतो आणि शिवणीलाही सोबत नेतो. तुझ्या ब्लाउजचं तेच झालंय.

नारायण पेठेत माझा क्लास आहे. तिथे नवीन मुलीच्या हातात मी पहिले दोन दिवस कात्री देत नाही. कापडाच्या कडेचा एक आडवा धागा सुईच्या टोकानं उचलायचा आणि हळूहळू ओढत न्यायचा. धाग्याबरोबर कापडावर बारीक चुण्या सरकत जातात, मध्येच धागा तुटतो, मग पुन्हा टोक शोधायचं. तो पुरता निघाला की कापडात एक पारदर्शक रेघ उरते. ती खरी सरळ रेघ, तिच्यावर कापायचं. मुली कंटाळतात, पण दोन दिवसांनी त्यांच्या बोटांना धागा कळायला लागतो आणि तो आयुष्यभर कळतो. दुकानदार कात्रीनं छोटी चीर देऊन कापड टर्रकन फाडून देतो ना, ती कडा धाग्यात सरळ असते. कात्रीनं कापून दिलेल्या कडेवर विसंबू नकोस.

कापायच्या आधी सुती कापड साध्या पाण्यात रात्रभर भिजव. न पिळता सावलीत टाक आणि जरा ओलसर असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेनं इस्त्री फिरव. मग काठाला काठ लावून घडी घाल. मधे फुगा आला तर विणच तिरकी झालीय. अशा वेळी घरातल्या कुणाला तरी बोलव, समोरासमोरचे दोन तिरके कोपरे धरा आणि ओढून कापड चौकोनात आणा. अस्तरही भिजवायचं, हे मी प्रत्येक बॅचला सांगते. वर रेशीम आणि आत न भिजवलेलं सुती अस्तर असेल, तर धुतल्यावर अस्तर आटतं आणि रेशमाला चुण्या पडतात. एवढं महागाचं कापड तेवढ्यासाठी वाया जातं, फार वाईट वाटतं.

आता गळा. गळ्याच्या गोलाईत धागा बराचसा क्रॉसमध्ये कापला जातो, म्हणून तो नुसत्या हाताळण्यानंही वाढतो. गळा कापला की कापड उचलून बघायचंही नाही, आधी मशीनवर जायचं. कडेपासून पाव इंचापेक्षा जरा कमी अंतरावर, एकेरी कापडावर, खांद्याकडून मध्यापर्यंत एक टीप मारायची. मग दुसऱ्या खांद्याकडून तशीच. गळ्याला पट्टी जोडताना ही टीप मायेत, म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेल्या कापडात, लपते. पट्टी बरोबर ४५ अंशांत, सव्वा इंच रुंद काप. गोलाईवर पट्टी अगदी किंचित ताणून धर, गळ्याचं कापड मात्र अजिबात ओढायचं नाही. जोडून झाल्यावर गोलाईच्या मायेला अर्ध्या-अर्ध्या इंचावर बारीक कट दे, टिपेच्या दोन धागे अलीकडे थांब, मग पट्टी आत वळव. गळा पाठीला चिकटून बसेल.

प्रश्न : ताई, निवृत्तीनंतर बायकोच्या पायमशीनवर शिवणं शिकतो आहे. वरून टीप सुरेख दिसते, पण कापड उलटलं की खाली दोऱ्याचा गुंता. बॉबीन दोनदा बदलली. काय करू?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : तुम्ही शिकताय याचा फार आनंद झाला. गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबीनला दोष देतात, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. वरचा दोरा ओवताना प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, वर उचललेला हवा. तेव्हाच दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यात नीट बसतो. फूट खाली असताना ओवला तर दोरा चकत्यांवरून नुसता सरकतो, त्याला ताण मिळत नाही आणि तो खाली वेटोळी करतो. ओवून झालं की फूट खाली. दोन्ही दोरे चार इंच मागे ओढून पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत बोटानं धरून ठेवा आणि चाक आपल्याकडेच फिरवा.

सुई किती दिवसांची आहे? बोथट सुईही टाके चुकवते. सुईच्या एका बाजूला लांब खोबण असते, नखाला लागते. दोरा त्या बाजूनं ओवायचा. साध्या सुती कापडाला १४ नंबर, मलमल किंवा रेशमाला ११, जीन्सला १६. सुया तुळशीबागेत सहज मिळतात.

प्रश्न : माया किती सोडावी? आई म्हणते भरपूर सोड, क्लासच्या बाई म्हणतात अर्धा इंच पुरे.
– एक वाचक, वारजे

उत्तर : जागा बघून सोडायची, सगळीकडे एकच माप नाही. गळ्याला पाव इंच, मुंढ्याला (बाही जोडतो त्या गोलाईला) आणि खांद्याला अर्धा, खालच्या दुमडीला एक. बगलेत मात्र आईचं ऐका, दीड इंच सोडा. तिथे पाव-पाव इंचावर तीन टिपा मारा. अंग भरलं की आतली एक टीप उसवायची. पुढून पाव, मागून पाव असं एका बगलेत अर्धा इंच आणि दोन्ही मिळून एक इंच ब्लाउज सैल होतो. माझ्या आईचा लग्नातला ब्लाउज असा दोनदा सोडवलेला आहे. आत उसवलेल्या टिपांच्या छिद्रांच्या दोन ओळी अजून दिसतात, आणि तिसऱ्या टिपेवर तो मी माझ्या मंगळागौरीला घातला. गेल्या वर्षी एका दुकानात शिवायला टाकलेल्या ब्लाउजची बगलेतली माया त्यांनी कापून, कडा इंटरलॉक करून दिली. दिसायला आत सगळं स्वच्छ, पण तो ब्लाउज आता कधीच सैल होणार नाही. शिवायला टाकताना 'माया कापू नका' असं स्पष्ट सांगा.

प्रश्न : धावदोरा, उलटटीप आणि हेमिंग यांत फरक काय?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : धावदोरा म्हणजे सुई वर-खाली करत सरळ पुढे जाणं. आपली अख्खी गोधडी त्यावर उभी असते. तोच लांब टाक्यांचा घातला की कच्ची शिवण होते, ती नंतर काढून टाकायची. उलटटिपेत प्रत्येक टाका मागे येऊन पुन्हा पुढे जातो, म्हणून हातशिलाईत ती सगळ्यात पक्की. हेमिंग दुमडलेली कड धरायला. त्यात वरच्या कापडाचा एकच धागा उचलायचा, म्हणजे सुलट बाजूला टाका दिसत नाही.

प्रश्न : नातीसाठी खणाचं परकर-पोलकं शिवायचं आहे. काठ बाहीच्या खाली यायला हवा, पण तसं केलं तर उभा धागा आडवा होतो ना?
– एक आजी, कसबा पेठ

उत्तर : होतो, आणि इथे तो होऊ द्या. लहान मुलीची बाही आखूड, तिच्यावर ताण येत नाही, त्यामुळे काठासाठी एवढी सूट चालते. पोलक्याचं अंग मात्र उभ्या धाग्यावरच कापा. खणाच्या कापलेल्या कडा पटकन सुटतात, म्हणून कापल्याबरोबर प्रत्येक तुकड्याला अस्तर कच्च्या टाक्यांनी जोडून घ्या. बगलेत दीड इंच आणि परकराला आतून चार इंचांची दुमड ठेवा. पुढच्या दोन दिवाळ्या तरी तेच परकर-पोलकं तिला येईल.