दारू, नाकाबंदी आणि ‘कबूल करून टाका’ म्हणणारे

मद्यपान करून वाहन चालवल्याच्या गुन्ह्याविषयी पुण्यातील वाचकांकडून तेच ते गैरसमज पुन्हा पुन्हा येत असल्याने काही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. उत्तरे सर्वसाधारण आहेत. आपले कागद आपल्या वकिलालाच दाखवावेत.

प्रश्न : हा दंड सिग्नल तोडल्याच्या चलनासारखा मोबाइलवरून किंवा लोकअदालतीत सवलतीने भरता येईल का? (बाणेर)

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खालील गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही. त्यासाठी न्यायालयातच जावे लागते.

प्रश्न : मी दारू घेत नाही. होमिओपॅथीचे थेंब घेतल्यावर लगेच नाकाबंदीत यंत्रात फुंकायला लावले आणि आकडा दिसला. आता काय? (कोथरूड)

अशा थेंबांमधील किंवा माउथवॉशमधील मद्यार्काचा अंश तोंडात काही मिनिटे राहतो आणि साधारण पंधरा मिनिटांत ओसरतो. म्हणून त्याच वेळी शांतपणे थोड्या वेळाने पुन्हा चाचणी घेण्याची आणि रक्ततपासणीची मागणी करावी, तीही शक्य तर लेखी. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी आहे. आता औषधाची चिठ्ठी आणि यंत्रातून निघालेली पावती घेऊन वकिलाकडे जा.

प्रश्न : यंत्रात फुंकलेच नाही तर पुरावाच राहत नाही, असे मित्र सांगतात. खरे आहे का? (कोरेगाव पार्क)

मित्र बदला. पोलिसांना मद्यपानाचा वाजवी संशय असेल तर नकार देणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येते, आणि सबळ कारण नसताना दिलेला नकार कलम २०५ नुसार तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देणारा मानला जाऊ शकतो.

प्रश्न : कोर्टाच्या आवारात भेटलेल्या एका माणसाने सांगितले की, ‘कबूल करून टाका, दहा हजार भरा, बारापर्यंत ऑफिसात पोहोचाल’, आणि वर स्वतःचे तीन हजार मागितले. तसे करावे का? (सिंहगड रस्ता)

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतो आणि दर वेळी मी चिडतो, कारण त्या तीन हजारांत त्या माणसाने तुमचे काय विकले, ते तुम्हाला कोणी सांगितलेले नसते. गुन्हा कबूल करणे म्हणजे पावती फाडणे नव्हे. ती दोषसिद्धी आहे. पहिल्या वेळी शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी आहे, म्हणजे किती शिक्षा द्यायची हे न्यायाधीश ठरवतात, आवारातला माणूस नव्हे. पुन्हा कधी सापडलात तर आजची ही कबुली पुढे करून तुम्हाला दुसऱ्या वेळचा गुन्हेगार ठरवले जाईल, आणि तेथे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्धचे अपीलही बहुतांशी शिक्षेच्या प्रमाणापुरते आणि वैधतेपुरतेच उरते. शिवाय परवाना निलंबनाची नोटीस आरटीओकडून वेगळी येते. तिला मुदतीत उत्तर द्यावे लागते, हे तो माणूस सांगत नाही.

कबुलीपूर्वी निदान कागद तरी वाचून घ्या. यंत्राच्या पावतीवरील वेळ, अटकेची नोंद आणि डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरील वेळ या तिन्ही एका ओळीत मांडल्या की पुष्कळ गोष्टी दिसतात. यंत्राच्या अचूकतेचे प्रमाणपत्र मुदतीत होते का, नमुन्याच्या बाटलीवर सील आणि सही होती का, गाडी तुम्हीच चालवत होता याला साक्षीदार कोण, हेही तपासावे लागते. ‘तोंडाला वास येत होता, चाल अस्थिर होती’ एवढ्यावरच दारूच्या अमलाचा निष्कर्ष काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात १९७१ मध्ये म्हटले होते. याचा अर्थ प्रत्येक खटला सुटतो असा नाही. काही वेळा कागद पाहून मीच कबुलीचा सल्ला देतो, पण तो कागद पाहून देतो.

प्रश्न : अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही की केस आपोआप पडते ना? (हडपसर)

पडत नाही. कलम २०२ नुसार अशा वेळी कोठडीतून सोडावे लागते, इतकेच. उशिराने घेतलेल्या रक्तात मद्याचे प्रमाण कमी दिसू शकते, हा मुद्दा वेगळा आहे आणि तो वकिलाने मांडायचा आहे.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा आहे, शिकाऊ परवाना आहे. ११० सीसीची स्कूटर चालली तर काय बिघडते? (धायरी)

बरेच बिघडते. त्या वयात गिअर नसलेल्या ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीलाच मुभा आहे. कलम १९९अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या हातून झालेल्या मोटार अपघातानंतरही पुण्यातून हा प्रश्न यावा, याचे नवल वाटते.

प्रश्न : अपघातानंतर श्वासचाचणी झालीच नाही. तरी विमा कंपनी दारूचे कारण सांगून गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारू शकते का? (वाकड)

नाकारू शकते. चाचणी नसली तरी कंपनीला इतर पुराव्यांवरून ते सिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ठरवले आहे. मात्र सिद्ध करण्याचा भार कंपनीवरच राहतो. कंपनीच्या सर्वेक्षकाने पुढे केलेल्या छापील जबाबावर सही करण्याआधी तो, पंचनामा आणि पॉलिसीच्या अटी वकिलाला दाखवा.