बागेचा सल्ला : थंडीत करपलेली पालवी

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यात राहतो. अंगणातील दोन वर्षांच्या आंब्याच्या कलमाची कोवळी पालवी आणि जास्वंदीचे शेंडे थंडीने काळे पडले आहेत. ते आताच छाटावेत का? मोगऱ्याचे काय करावे?

उत्तर : करपलेले शेंडे कृपया आता छाटू नका. ती वाळलेली पाने खालच्या जिवंत डोळ्यांना थोडा आडोसा देतात, आणि छाटणीने फुटणारी नवी पालवी पुढच्या थंडीत पुन्हा करपते. फेब्रुवारीत ऊब आल्यावर नखाने साल हलकेच खरवडून पाहा. आत हिरवे दिसेल तिथपर्यंत फांदी राखा. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल त्या दिवशी संध्याकाळी आळ्याला हलके पाणी द्या, कारण ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते व रात्री सावकाश सोडते. कलमाभोवती बांबू रोवून गवताचा आडोसा करा, मात्र आग्नेयेची बाजू सकाळच्या उन्हासाठी उघडी ठेवा. प्लास्टिक पानांना टेकू देऊ नका. बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून पाचट पसरावे.

मोगऱ्याला मात्र थंडीतली विश्रांती हवीच असते. त्याचे पाणी कमी करावे, जानेवारीअखेर छाटणी करून शेणखत घालावे आणि मगच नियमित पाणी सुरू करावे.